आधी जागा पाहिली, मग कुदळ लावली

शहरात सामाईक बाग करायला आमच्या गटाला जमिनीचा एक तुकडा मिळाला. परवानगीच्या कागदावर त्याचं वर्णन 'वापरात नसलेला भूखंड' असं होतं. दोन इमारतींच्या मागच्या भिंती आणि एक रस्ता यांच्यामध्ये अडकलेली तिकोनी जागा. एक जुनं पसरट झाड, वर गवत, खाली डबर, कोपऱ्यात टाकून दिलेलं सामान. आमच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात बागेचं चित्र आधीच तयार होतं: सरळ रेषेत वाफे, मधोमध पाण्याची टाकी, चहूबाजूंनी कुंपण. ते चित्र जसंच्या तसं उतरवलं असतं, तर बाग झाली असती पण टिकली नसती, असं मला आज खात्रीनं वाटतं. कारण ती जागा वापरात होती. तो वापर कुठल्याच नकाशावर नव्हता, एवढंच.

हे ध्यानात आणून दिलं आमच्या गटातल्या एका ताईंनी. लँडस्केप डिझाइन, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची आखणी, हे त्यांचं शिक्षण आणि व्यवसाय. त्यांनी सुरुवातीलाच अट घातली, की पावसाचा एक पूर्ण मोसम गेल्याशिवाय आराखडा काढायचा नाही. तोवर फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं. काही जणांना हे अजिबात पटलं नाही. परवानगी हातात आहे, माणसं उत्साहात आहेत, मग थांबायचं कशाला? एकदोघं तिथंच गळाले. ताई मात्र हटल्या नाहीत. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं टिकाऊ शेती आणि बाग आखण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. जागेचं दीर्घकाळ निरीक्षण करणं हा त्या विचाराचा पायाच आहे. पण ताईंनी त्याचं नाव घेऊन आम्हाला दडपलं नाही. त्यांनी आमच्या हातात नकाशाच्या प्रती आणि पेन्सिली दिल्या.

काम सोपं होतं. जागेचा मोठा नकाशा काढून त्याच्या झेरॉक्स केल्या. प्रत्येकानं एक वेळ निवडली: कुणी पहाट, कुणी भर दुपार, कुणी शाळा सुटायची वेळ, कुणी रात्र. त्या वेळी जाऊन बसायचं आणि जे दिसेल ते नकाशावर उतरवायचं. माणूस कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला, कोण कुठे टेकलं, सावली कुठवर आली, पाऊस असेल तर पाणी कुठून आत आलं आणि कुठे साचलं. मग सगळ्या प्रती एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. तेव्हा जे दिसलं, त्यावरच पुढचा सगळा आराखडा उभा राहिला.

सर्वांत ठळक उमटली ती एक तिरपी रेघ. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी पायवाट. माणसं रस्त्याचं वळण टाळून तिथून जात होती, आणि ती वाट नेमकी सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या भागातून जात होती. दुसरं म्हणजे, रस्त्याच्या बाजूचा सपाट पट्टा पोरांचा चेंडू खेळायचा होता. झाडाखाली दुपारी जवळच्या कामावरची माणसं पाठ टेकत. एक आजी रोज संध्याकाळी एका उलट्या टाकीवर बसत. दोन भिंतींपैकी एकीच्या कडेला मुंग्यांची वारुळं होती, आणि उघड्या मातीत बारीक भोकं होती. ती कशाची, ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि सगळं पाणी, म्हणजे छपरांवरचं आणि रस्त्यावरचंही, उतारानं एकाच कोपऱ्यात जाऊन तुंबत होतं.

ऊन मोजण्याचं काम मला मिळालं होतं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या त्याहून कमी उन्हावर भागवतात. इमारतींच्या मध्ये असलेल्या जागेत मात्र ऊन वर्षभर एका ठिकाणी राहत नाही. सूर्य आकाशात खालून जातो त्या महिन्यांत भिंतीची सावली दुपटीहून लांब पडते, आणि उन्हाळ्यात भरपूर तापणारा कोपरा हिवाळ्यात दिवसभर गारठलेला राहतो. एकाच महिन्याचं निरीक्षण करून वाफे आखले, तर अर्धे वाफे अर्धं वर्ष उपाशी राहतात. म्हणून दर महिन्याला एकदा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मी सावलीची कड खडूनं आखायची आणि ती नकाशावर उतरवायची. वर्षाच्या शेवटी कायम ऊन मिळणारी जागा हाताच्या पंज्याएवढी उरली, आणि तिच्यातूनच ती पायवाट जात होती.

पायवाटेवरून आमच्यात पहिला खरा वाद झाला. ती बंद करून लोकांना कडेनं वळवावं, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. सर्वांत चांगली जागा चालण्यात का घालवायची? यावर गटातल्या एका निवृत्त काकांनी विचारलं, "ज्यांची वाट आपण मोडू, ते आपल्या झाडांना पाणी घालतील का?" यावर मतदान घ्यावं लागलं नाही. वाट तिथंच ठेवली. उलट ती नीट केली, दोन माणसं शेजारून जाऊ शकतील आणि चाकाची खुर्ची अडकणार नाही इतकी रुंद केली. वाफे तिच्या दोन्ही अंगांना मांडले. आमच्या सगळ्या आराखड्यातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता. रोज तिथून जाणारी माणसं वाफ्यांना अगदी चिकटून जाऊ लागली. कुठलं रोप सुकलंय, कुठला नळ टपकतोय, हे आम्हाला त्यांच्याकडून कळू लागलं. पुढे त्यांच्यातलेच काही जण गटात आले. कुंपणाबाहेरून जाणाऱ्यांमधले कुणी आले असते, असं मला वाटत नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो भाग प्रत्येक शहरात वेगळा असतो. तरी दोन गोष्टी सगळीकडे विचाराव्या लागतात. पहिली, जमीन नक्की कुणाच्या ताब्यात आहे. आमच्या बाबतीत दोन खात्यांना ती एकमेकांची वाटत होती, आणि पत्रव्यवहाराचा बराच काळ त्यातच गेला. दुसरी, जमिनीखाली काय आहे. वीजवाहिन्या, जलवाहिन्या, सांडपाण्याचे नळ यांचा नकाशा मागितल्याशिवाय एक फूटही खणू नये. आमच्या तिकोनाच्या एका बाजूखालून केबल गेली होती. तिथं खोल मुळांचं काहीच लावता येणार नव्हतं, म्हणून तिथं बसायचे बाक आले. शहरी बागांच्या इतिहासात जागेच्या मालकीचा प्रश्न पहिल्यापासून आहे. १९७३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या 'ग्रीन गरिलाज' गटानं बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्यानं भरलेला भूखंड साफ करून लावला. १९७४ मध्ये शहरानं तो त्यांना महिना एक डॉलर भाड्यानं दिला. तिथं आधी काम झालं आणि नंतर कागद झाला. आम्ही कागद आधी घेतला, कारण आम्हाला पाण्याची जोडणी हवी होती, आणि ती कागदाशिवाय मिळत नाही.

आता माती. शहरातली माती ही गावाकडच्या शेतातल्या मातीसारखी एकसंध नसते. तिच्यात पाडलेल्या भिंतींचा चुरा, सिमेंट, जुना रंग, कधी राख, कधी काच असते. सिमेंट आणि चुन्यामुळे ती अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वरून कितीही खत घाला, ती पिवळीच राहतात. आमच्या एका कडेला नेमकं हेच दिसत होतं, आणि प्रयोगशाळेच्या अहवालानंही त्याला दुजोरा दिला.

अहवालात आम्हाला खरी धास्ती होती ती शिशाची. जुन्या तैलरंगातून आणि शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या धुरातून ते वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या मातीत उतरलेलं असतं. असं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश म्हणजे अल्जीरिया, आणि तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. पण पेट्रोल बंद झालं तरी शिसं मातीतून जात नाही. ते वरच्या काही इंचांत चिकटून बसतं. त्याचा मोठा धोका भाजीतून नसतो, मातीच्या धुळीतून असतो. लहान मुलांचे हात मातीत जातात आणि तेच हात तोंडात जातात. रस्त्याच्या बाजूच्या नमुन्यात शिसं आतल्या नमुन्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. म्हणून त्या पट्ट्यात खाण्याचं काहीच लावलं नाही. तिथली उघडी माती दाट गवतानं आणि झुडपांनी कायमची झाकली. भाज्यांसाठी उंच वाफे केले, खाली पाणी जाऊ देणारं जाड कापड अंथरलं आणि वर बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट भरलं. नळाजवळ हात धुवायची सोय मात्र वाफ्यांच्याही आधी केली. पोरं येणार हे आम्हाला नकाशावरून ठाऊकच होतं.

मातीच्या दोन परीक्षा घरी करता येतात, आणि त्या प्रत्येक गटानं कराव्यात असं मला मनापासून वाटतं. एक बाटलीची. बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती खाली बसायला दिवस लागतात. तीन थरांच्या उंचीवरून मातीचा पोत समजतो. दुसरी खड्ड्याची. हातभर खोल खड्डा करायचा, पाण्यानं भरायचा, ते मुरू द्यायचं, मग पुन्हा भरायचा आणि पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते पट्टीनं मोजायचं. तासाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास उतरली तर निचरा ठीक आहे. आमच्या पायवाटेजवळच्या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. माणसांच्या पायांनी आणि कधीकाळी उभ्या राहिलेल्या वाहनांनी माती इतकी दाबली गेली होती, की तिच्यात हवेलाही जागा उरली नव्हती. ती माती आम्ही उलथली नाही. लोखंडी दात्यांचं अवजार रोवून, थोडी हलवून फटी पाडल्या, त्यांत कंपोस्ट सोडलं, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दिलं आणि बाकीचं काम गांडुळांवर सोपवलं. उलथलेली माती पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा बसते. गांडुळांनी केलेली बिळं राहतात.

झाडाखाली तर कुदळ लावायलाच मनाई केली. मोठ्या झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही बरीच लांब पसरतात. तिथं खणलं तर मुळं तुटतात, आणि वर मातीचा भराव टाकला तर गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी मरतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही तिथं फक्त आच्छादन घातलं, तेही खोडापासून वीतभर दूर ठेवून, आणि दुपारी टेकणाऱ्यांसाठी झाडाभोवती पाय न रोवता ठेवता येतील असे लाकडी ओंडके मांडले.

मला या सगळ्यात जीव लागला तो पाण्याच्या कोपऱ्यावर. पाहणीच्या मोसमात मी छत्री घेऊन तिथं उभी राहायची. लोकांच्या लेखी तो जागेचा सर्वांत वाईट भाग होता: चिखल, डास, वास. भराव टाकून तो उंच करावा, ही पहिली सूचना होती. पण भराव टाकला तर पाणी नाहीसं होत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात जातं.

हिशेब साधा असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्या बाजूला उतरणारं छप्पर दोनशे चौरस मीटरचं धरलं आणि जोरदार सर २५ मिलिमीटरची धरली, तर पाच हजार लिटर होतात. चाळीस चौरस मीटरचा, पंधरा सेंटिमीटर खोल असा उथळ खोलगट भाग सहा हजार लिटर धरतो. म्हणजे छपराचं पाणी त्यात मावत होतं. याला रेन गार्डन म्हणतात. अमेरिकेत मेरिलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या आसपास घरांच्या वस्तीत असे वर्षाजलाचे वाफे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आतली माती सैल आणि वाळूमिश्रित ठेवायची. चार दिवस कोरडं आणि एक दिवस पाण्यात, असं दोन्ही सोसणारी, त्या भागातलीच झाडं लावायची. पाणी जिथून आत येतं तिथं गोटे अंथरायचे, म्हणजे वेग मोडतो आणि गाळ तिथंच बसतो. आणि जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट आधी ठरवायची. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पाऊस हिशेबाप्रमाणे पडेलच असं नाही.

रस्त्याचं पाणी मात्र वेगळं काढलं. त्यात तेलाचे थेंब आणि टायरच्या झिजेची भुकटी असते. ते भाज्यांकडे जाऊ नये म्हणून त्याला त्याच झुडपांच्या पट्ट्यात वळवलं, जिथं आधीच खाण्याचं काही न लावायचं ठरलं होतं.

डासांवरून झालेली बैठक मला अजून आठवते. समोरच्या इमारतीतले लोक चिडलेले होते, आणि त्यांची भीती रास्त होती. आधी खरोखरच तिथं डास होत. आम्ही बाजू मांडली ती अशी: अंड्यातून उडणारा डास व्हायला उबदार हवेतही साधारण आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत मुरलं तर अळीचा डास होऊच शकत नाही. म्हणून आमची जबाबदारी एकच, ४८ तासांत पाणी मुरलं पाहिजे. त्यांना आम्ही आश्वासन दिलं नाही, वही दिली. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी कधी साचलं आणि कधी आटलं हे त्या वहीत लिहायचं, आणि लिहिणाऱ्यांत त्यांच्या इमारतीतलं एक माणूस असायचं. पहिल्या मोसमात एकदा वेळ पाळली गेली नाही. गोट्यांजवळ गाळ साचून वरचा थर घट्ट झाला होता. तो खरवडून काढला, आणि तेव्हापासून पावसाच्या आधी गाळ काढणं हे ठरलेलं काम झालं. ज्यांनी बैठकीत सर्वांत जास्त आवाज चढवला होता, त्याच काकांकडे आज ती वही असते.

लागवड झाल्यावर आलेली तक्रार मात्र आम्हाला अनपेक्षित होती. बाग अस्ताव्यस्त दिसते, असं लोक म्हणू लागले. आम्ही फुलं सुकल्यावरही देठ कापत नव्हतो, कारण बियांवर पक्षी येतात आणि पोकळ देठांत काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अंडी घालतात. पानं गोळा करून जाळत नव्हतो. जाणकाराला ती जिवंत बाग दिसत होती, जाणाऱ्या-येणाऱ्याला हलगर्जीपणा. यावर अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्ट जोन नासॉवर यांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार ताईंनी आम्हाला समजावून सांगितला: निसर्गाला लागणारा पसारा आत असू द्या, पण त्याच्याभोवती माणसाच्या निगराणीची स्पष्ट खूण ठेवा. म्हणजे कड नीट कापलेली, वाट झाडलेली, बाक रंगवलेला, फलक वाचता येईल असा. आम्ही आतलं काहीच बदललं नाही. पायवाटेच्या दोन्ही कडांना हातभर रुंदीचं गवत दर आठवड्याला कापायला लागलो आणि झुडपांच्या पट्ट्यापुढे बुटक्या रोपांची एक सलग ओळ लावली. तक्रारी जवळजवळ थांबल्या. पर्यावरणाचा विचार करून केलेली रचना लोकांना वाचताही आली पाहिजे, ही अट मी आता कुठल्याही आराखड्यात पहिल्या पानावर लिहीन.

मातीतली ती बारीक भोकंही याच काळात उलगडली. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना उघडी, कोरडी, उन्हात तापणारी माती लागते. आच्छादन चांगलं म्हणून ते सगळीकडे अंथरलं, तर त्यांचं घरच बंद होतं. भिंतीकडेचा तो पट्टा आम्ही मुद्दाम उघडा ठेवला आणि तिथं छोटा फलक लावला, नाहीतर कुणीतरी प्रेमानं त्यावरही पाचोळा टाकला असता.

कुंपणाचा प्रश्न मग सोपा झाला. उंच जाळी हवी म्हणणाऱ्यांना चोरीची आणि कचऱ्याची काळजी होती. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही भूखंड साफ करून, गवत आणि थोडी झाडं लावून, बुटकं लाकडी कुंपण घालून नियमित राखले गेले. काही फक्त साफ केले, काही तसेच ठेवले. हिरव्या केलेल्या भूखंडांच्या जवळ राहणाऱ्यांत खिन्न वाटत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईनं तसा ठोस फरक पडला नाही. तिथलं कुंपण ओलांडता येण्यासारखं होतं. ते आत येणाऱ्या माणसाला अडवत नव्हतं, कचऱ्याची गाडी मात्र आत शिरू शकत नव्हती. आम्हीही गुडघ्याएवढे खांब रोवले आणि पायवाटेची दोन्ही तोंडं उघडी ठेवली. पोरांच्या पट्ट्याच्या बाजूला मात्र थोडी उंच जाळी घातली, कारण चेंडू रस्त्यावर जात होता. भाज्यांच्या संरक्षणासाठी कुठेही जाळी नाही.

मग भाजी कुणाची? यावर आमच्या सर्वांत लांब बैठका झाल्या. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून पोलीस ठाण्यासमोर, आरोग्य केंद्राच्या आवारात भाज्या लावल्या आहेत, आणि त्या कुणीही तोडून न्याव्यात असा तिथला शिरस्ता आहे. आमच्यातल्या काहींना तसंच हवं होतं. काहींना स्वतःचा वाफा हवा होता, आणि मला त्यांचंही पटत होतं. आठवडाभर पाणी घालून वाढवलेली भाजी सकाळी नाहीशी झालेली पाहणं सोपं नसतं. शेवटी पायवाटेला लागून असलेले वाफे सगळ्यांचे ठरले, तोडा आणि न्या. मागच्या रांगेतले वाफे राबणाऱ्या कुटुंबांचे. पुढच्या वाफ्यांत आम्ही मुद्दाम तोडली तरी पुन्हा फुटणारी पालेभाजी लावतो, आणि फलकावर कशी तोडायची ते लिहितो. चोरी हा विषय बैठकीतून त्यानंतर हळूहळू निघून गेला.

पाण्याची पाळी हा याहून नाजूक विषय निघाला. नळ एक, वाफे अनेक, आणि उन्हाळ्यात सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक कुरणं, जंगलं, मासेमारीच्या जागा, नेपाळमधले शेतकऱ्यांनी चालवलेले पाटबंधारे, असं पुष्कळ पाहून त्यांनी दाखवून दिलं, की सामाईक संपत्ती वापरणारे लोक ती स्वतः नीट राखू शकतात. मात्र नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, लक्षही त्यांनीच ठेवावं, आणि चुकल्यास शिक्षा सौम्यपणे सुरू होऊन पायरीपायरीनं वाढावी. आमचा नियम तसाच झाला. पाळी चुकली तर पहिल्यांदा नुसती आठवण, दुसऱ्यांदा सामाईक वाफ्याला जास्तीचं पाणी घालायचं, त्यानंतरही चालू राहिलं तर वाफा दुसऱ्या कुटुंबाकडे. शेवटची पायरी आजवर वापरावी लागलेली नाही. बैठकीला येऊ न शकणाऱ्यांचं मत आधी विचारून ठेवायचं, ही सूचना उलट्या टाकीवर बसणाऱ्या आजींची. त्यांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहता येत नाही. त्यांची टाकी आम्ही हलवली नाही, तिला पाठ लावून दिली.

कंपोस्टबद्दल एकच सांगते. घराघरांतून ओला कचरा आनंदानं येतो, सुका पालापाचोळा कुणी आणून देत नाही. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त असतं, सुक्यात कर्ब (कार्बन), आणि जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. ते बिघडलं की ढीग कुजत नाही, सडतो आणि वास मारतो. म्हणून झाडाची गळती सुरू झाली की पोत्यांत पानं भरून ठेवायची आणि वर्षभर ओल्या थरावर दुप्पट सुका थर घालायचा. कंपोस्टच्या पेट्यांजवळ ही पोती दिसली नाहीत तर त्या दिवशी ओला कचरा घेतला जात नाही, मग कुणी कितीही आग्रह करो.

सध्या आम्ही मुदतवाढीच्या अर्जावर काम करतो आहोत. परवानगी तात्पुरती आहे, आणि या बाबतीत आम्ही डोळे उघडे ठेवून आहोत. न्यू यॉर्क शहरानं १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढायचं ठरवलं होतं. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि न्यू यॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या संस्थांनी त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. बर्लिनमध्ये मॉरित्झप्लाट्झजवळ २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्झेसिनेनगार्टनमध्ये रोपं क्रेट आणि पोत्यांत लावली होती, कारण जागा कधी सोडावी लागेल याचा भरवसा नव्हता. पुढे त्या बागेचं बरंचसं काम नॉयकोल्न भागातल्या एका जुन्या दफनभूमीत गेलं. आमचे भाज्यांचे वाफे उचलून नेता येतात. वर्षाजलाचा वाफा, सैल झालेली माती आणि झुडपांचा पट्टा नेता येत नाही. म्हणून अर्जात आम्ही भाजीवर भर दिलेला नाही. पाण्याच्या वहीची प्रत जोडली आहे, मातीचे आधीचे आणि आताचे अहवाल जोडले आहेत, आणि पायवाटेवरून जाणाऱ्यांच्या सह्या जोडल्या आहेत. मुदत वाढवा, आणि काही कारणानं भाज्यांचे वाफे हलवायचे ठरलं तरी पायवाट, झाड आणि पाण्याचा कोपरा यांना हात लावू नये, अशी अट आम्ही स्वतःहून त्यात घातली आहे. पुढच्या आठवड्यात अधिकारी जागा पाहायला येणार आहेत. त्यांना आम्ही संध्याकाळी, शाळा सुटल्यानंतरची वेळ दिली आहे.